माझ्या गळ्यातले दोन सेकंद

हे मी रागात लिहिते आहे. जरा शांत झालीस की लिही, असं मला तिघांनी सांगितलं. त्यातल्या दोघांनी माझ्या आजारात साधी चौकशीसुद्धा केली नव्हती. मी थांबून पाहिलं. राग गेला नाही, अक्षर मात्र आता निदान वाचता येतंय. ज्यांचा आवाज गेलाय आणि ज्यांना सगळे सांगताहेत की तुम्हाला काही झालेलंच नाही, त्यांच्यासाठी हे आहे.

मी सुनंदा. माहेर अकोल्याचं, सासर नागपूरचं. नवऱ्याची, दिलीपची, बँकेत बदली झाली म्हणून आम्ही लखनौला आलो आणि ‘महानगर’ नावाच्या वस्तीत एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागलो. घरात मी त्याला ‘अहो’ म्हणते. इथे एकेरीत लिहिणार आहे. कागदावर तरी आम्ही एका पातळीवर असावं. मुलगी मुग्धा, तेव्हा नववीत. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते.

हजरतगंजातल्या एका खाजगी कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. सात वर्षं त्या बोर्डावर बसले. साहेबांना भेटायला बाहेरगावची माणसं यायची तेव्हा आधी माझ्या टेबलाशी थांबून म्हणायची, ‘अच्छा, तो आप हैं वो!’ ‘जी, होल्ड कीजिए’ हे मी असं म्हणायचे की लोक खरंच थांबायचे. हे बढाई मारायला सांगत नाहीये. माझं काय गेलं, ते कळावं म्हणून सांगते.

*

ज्या वर्षी शहरभर स्वातंत्र्याच्या पन्नाशीचे फलक लागले होते, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझं गर्भाशय काढलं. गाठी होत्या, रक्तस्राव थांबत नव्हता. एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं. पूर्ण भूल दिली होती. शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा घसा जास्त दुखत होता. पाणी मागितलं तर फक्त हवा आली.

नर्स म्हणाली, ‘नली डाली थी ना गले में. दो-चार दिन में ठीक हो जाएगा.’

पोटाचे टाके सुटले, मी जिने चढायला लागले, ऑफिसची रजा संपत आली. घसा दुखायचा थांबला. आवाज आला, पण तो माझा नव्हता. वाक्य सुरू व्हायचं बरं, तिसऱ्या शब्दाला फाटायचं. एकाच वेळी दोन आवाज यायचे, एक जाड, एक किरटा, आणि मग दोन्ही गायब होऊन नुसती हवा. सकाळी उठल्यावर दहाएक मिनिटं जरा बरं बोलता यायचं. त्या दहा मिनिटांनी माझा घात केला. कारण ती घरच्यांनी ऐकलेली असायची.

‘सकाळी तर बोलत होतीस,’ दिलीप म्हणायचा. आधी काळजीनं म्हणायचा. नंतर नुसतंच म्हणायचा.

*

सरकारी हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात सकाळी आठला पर्ची काढायची आणि बाकावर बसायचं. शिपाई दारात उभा राहून नावं पुकारतो. आपलं नाव आलं की ‘हाज़िर’ म्हणून ओरडायचं, नाही ओरडलं तर पुढचं नाव. घशाच्या रोग्यांच्या दारात ही पद्धत! मी हात वर केला. तो कागदाकडे बघत होता. माझा नंबर गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी मी दिलीपला घेऊन गेले, कारण मला ओरडणारं माणूस हवं होतं. ते माझं चुकलं. तिथून पुढे सगळे त्याच्याशीच बोलायला लागले.

मोठे डॉक्टर वयानं साठीच्या जवळचे, अतिशय अदबशीर. लखनौची ती अदब मला एरवी आवडायची. माणूस तुम्हाला नाही म्हणतो तेव्हाही वाटतं, काहीतरी देऊन गेला. त्यांनी माझी जीभ फडक्यात धरली, गोल आरसा घशात धरून बघितलं, जेमतेम मिनिटभर.

‘खाँसिए ज़रा.’

मी खोकले. खणखणीत.

‘देखा आपने?’ ते दिलीपला म्हणाले. ‘खाँसी में आवाज़ है. दोनों तार हिल रहे हैं, गाँठ नहीं, सूजन नहीं. मोहतरमा बिल्कुल तंदुरुस्त हैं.’ मग खुर्ची थोडी पुढे ओढून, आवाज खाली आणून, ‘घर में कोई तनाव?’

दिलीप म्हणाला, ‘नहीं, ऐसा तो कुछ...’

‘बच्चेदानी निकली है न इनकी. औरतें अंदर से टूट जाती हैं. कह नहीं पातीं, तो शरीर आवाज़ बंद कर लेता है.’

मी त्या दोघांच्या मधल्या स्टुलावर बसले होते. माझी जीभ अजून दुखत होती. मी म्हणाले, ‘नली...’ तेवढ्यात आवाज फुटला आणि डॉक्टर माझ्याकडे बघून इतक्या दयाळूपणानं हसले की मला तो आरसा त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावासा वाटला.

कागदावर त्यांनी इंग्रजीत एक शब्द लिहिला: फंक्शनल. म्हणजे यंत्र ठीक आहे, चालवणारी बाई बिघडली आहे.

बाहेर आल्यावर दिलीपचा चेहरा उजळला होता. ‘चला, काही नाही ना! मी किती घाबरलो होतो.’ रिक्षात बसल्यावर तो माझा हात धरून म्हणाला, ‘सुनंदा, तुला कशाचा त्रास आहे? मला सांग ना.’

त्या माणसाला त्या दिवशी खरंच वाईट वाटत होतं, हे मला आजही कबूल आहे. पण त्यानं डॉक्टरांचं ऐकलं आणि माझं ऐकलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

*

पुढचे महिने मी सलग सांगणार नाही. सगळं आठवायला लागले तर हे पुरं व्हायचं नाही.

ऑफिसात महिनाभर वाट बघून मला बोर्डावरून उठवलं. जुन्या गोदामाशेजारच्या खोलीत आलेल्या टपालावर शिक्के मारायला बसवलं. ‘आराम रहेगा आपको,’ मॅनेजर म्हणाले. माझ्या जागी नवी मुलगी आली. टपालाच्या खोलीतही एक फोन होता. तो उचलला की तिचा आवाज यायचा.

घरात कोणाला हाक मारायची तर मी टाळ्या वाजवायचे. मुग्धा शाळेतून आली की माझे फोन करायची, गॅसचा नंबर, दूधवाला, माझ्या आईशी बोलणं. आई अकोल्याहून विचारायची आणि मुग्धा सांगायची, ‘नानी, मम्मी ठीक है, बस गला बैठा है.’ एकदा मैत्रिणी घरी आल्या असताना मी काहीतरी बोलायला गेले. मुग्धा दात आवळून म्हणाली, ‘मम्मी, प्लीज़, ठीक से बोलो ना. या फिर मत बोलो.’ मी ‘मत बोलो’ निवडलं. तिच्यावर रागावताही आलं नाही. रागवायलासुद्धा आवाज लागतो.

अमीनाबादला मुग्धाच्या स्वेटरसाठी गेले होते. दुकानदाराला वाटलं मी बहिरी-मुकी आहे. तो हातवारे करत मोठ्यामोठ्यानं बोलायला लागला आणि गिऱ्हाइकं बघायला लागली. परतताना रिक्षावाल्याला वळायला सांगता आलं नाही. तो सरळ निघाला होता. मी पाठीवर थाप मारली तर त्याला वाटलं पळव म्हणते आहे. शेवटी चप्पल काढून सीटच्या दांड्यावर आपटली. तो उतरून माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्यालाच मारणार होते. त्याच रस्त्यावर उभी राहून मी रडले. तेही बिनआवाजाचं.

आणि भीती. मला कॅन्सरची भीती वाटत होती. ती मी कोणाला सांगितली नाही. लिहून दाखवायची तर तो कागद घरात राहिला असता, मुग्धाच्या हाती लागला असता. डॉक्टर म्हणत होते काही नाही. मग जे आहे ते त्यांना दिसतच नाहीये, म्हणजे किती खोल असेल, असं माझं डोकं चालायचं.

दिलीपला बँकेतल्या कोणीतरी सांगितलं म्हणून आम्ही एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथे नवीन मशीन होतं. लुकलुकणाऱ्या दिव्यात स्वरतंतूंची थरथर बघायचं. घशात दुर्बीण घातली, मी ‘ई’ म्हणाले, दिवा लुकलुकला आणि पडद्यावर सगळं नुसतं उड्या मारत राहिलं. पाच-सहा वेळा तसंच. टेक्निशियन स्वतःच म्हणाला, ‘मशीन आपकी आवाज़ पकड़ नहीं पा रही.’ रिपोर्ट आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं, पेशंटनं तपासणीस सहकार्य केलं नाही.

मी तो रिपोर्ट चारदा वाचला. पाच-सहा वेळा उलटीचा उमासा गिळून ती नळी घशात ठेवून घेणारी मी. मशीनला जमलं नाही, ते माझ्या नावावर लिहिलं गेलं.

*

विजेचं मी लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ते गाळलं तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही.

तो रिपोर्ट बघून मोठ्या डॉक्टरांनी विजेचा उपाय सांगितला. ‘हल्की सी सिंकाई है, घबराइए मत.’ धातूच्या दोन चकत्या ओल्या फडक्यात गुंडाळून गळ्याच्या दोन बाजूंना लावायच्या आणि करंट सोडायचा. पहिल्यांदा मुंग्या आल्या. मग करंट वाढवला. मान आपोआप झटका देऊन मागे गेली आणि मी किंचाळले.

‘आ गई आवाज़!’ डॉक्टर म्हणाले. ‘देखिए साहब, आ गई!’

दिलीप दारात उभा होता. तो हसला. आनंदानं. मी खुर्चीच्या हातांना धरून बसले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि माझा नवरा आनंदानं हसत होता, कारण त्याच्या मते त्याची बायको बरी होत होती. आठवड्यानं पुन्हा एकदा केलं. दुसऱ्यांदा मी ओठ घट्ट मिटून घेतले. किंचाळणार नाही, असं ठरवूनच गेले होते. तेव्हा डॉक्टर खेदानं म्हणाले, ‘ये ठीक होना ही नहीं चाहतीं.’

त्या दिवसानंतर मी दिलीपशी लिहूनसुद्धा बोलणं बंद केलं. तीन आठवडे. तो म्हणाला, ‘बघ, डॉक्टर म्हणत होते तेच.’

*

समुपदेशनासाठी म्हणून मला त्याच हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत पाठवलं. जिन्याखालची खोली, एक टेबल, एक टेपरेकॉर्डर. तिथे फरहत होती. वाचा-उपचार करणारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, केस कायम सुटलेले, बोलताना पेन हरवणारी. तिनं माझा कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

‘आप बताइए, हुआ क्या था?’

कितीतरी महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मला अर्धा तास लागला. ती मध्ये बोलली नाही, माझी वाक्यं तिनं पुरी केली नाहीत. मग तिनं मला ‘आ’ लावायला सांगितलं, टेप केलं, तेच पुन्हा पुन्हा ऐकलं.

‘सुनंदा जी, इसमें एक साथ दो सुर हैं. कोई जान-बूझकर ऐसा निकाल के दिखाए! मैं तो रोज़ आवाज़ का ही काम करती हूँ, मुझसे नहीं होगा.’ तिनं प्रयत्न करून दाखवला. कोंबडीसारखा आवाज आला. ती हसली, मी हसले. हसतानाही माझा आवाज फाटला आणि तिनं तेही टेप करून घेतलं.

तिनंच मला समजावलं. बाईच्या गळ्यातले स्वरतंतू बोलताना सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा उघडतात आणि मिटतात. आरशात ते नुसते धूसर दिसतात, पंख्याच्या पात्यांसारखे. लुकलुकणारा दिवा आवाजाच्या ठेक्यावर लुकलुकतो, म्हणून थरथर संथ झाल्यासारखी दिसते. पण आवाजालाच ठेका नसेल तर दिवा कशावर लुकलुकणार?

‘म्हणजे मी सहकार्य...’ मी मराठीतच सुरू केलं.

‘आपने पूरा साथ दिया. मशीन ऐसी आवाज़ के लिए बनी ही नहीं.’

मला त्या क्षणी बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. इतका, की कानशिलं तापली. ही गोष्ट एका जिन्याखालच्या मुलीला माहीत होती. पुढच्या इमारतीत कोणालाच नव्हती?

*

प्रत्येक थरथर वेगळी पकडणारा कॅमेरा हॉस्पिटलात नव्हता. शहराबाहेर एका इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत होता, यंत्रांच्या भागांना कंप कसा येतो ते बघायला आणलेला. सेकंदाला दोन हजार चित्रं घ्यायचा, पण दोनच सेकंद. तेवढ्यात त्याची साठवण भरून जायची. तिथल्या त्रिपाठी नावाच्या इंजिनीअरला फरहतनं महिनोन् महिने पत्रं लिहून, डोकं खाऊन तयार केलं होतं. घशात घालायची दुर्बीण त्या कॅमेऱ्याला जोडायचा सांधा त्यांनी स्वतः लेथवर घडवला होता. आधी त्या दोघांनी एकमेकांच्या घशात ती घालून बघितली होती.

फॉर्मवर दोन ओळी होत्या, मरीज़ के हस्ताक्षर आणि पति के हस्ताक्षर. मी दिलीपला कागद दाखवला. तो म्हणाला, ‘आणखी एक मशीन? आणि तेही यंत्रांचं? सुनंदा, पुरे कर आता.’ फरहतला मी सांगितलं की नवऱ्याची सही येणार नाही. तिनं दुसऱ्या ओळीवर पेनानं काट मारली. ‘गला आपका है.’

मी मुग्धाला बरोबर नेलं. तिला शाळा बुडवायला मिळणार होती, म्हणून ती आली.

प्रयोगशाळेत तेलाचा वास होता. दिवा इतका प्रखर, की दुर्बिणीचं टोक तापायचं. दर वेळी ते थांबून थंड करायचे. घशात कडू फवारा मारला, जीभ फडक्यात धरून ओढली. पहिल्यांदा उमासा आला. दुसऱ्यांदा त्रिपाठींनी कळ उशिरा दाबली आणि ते माझी इतक्या वेळा माफी मागत राहिले की फरहत त्यांच्यावर ओरडली. तिसऱ्यांदा मी ‘ई’ लावला, आवाज फाटला, कळ दाबली गेली. दोन सेकंद.

ते दोन सेकंद बघायला आम्हाला चार मिनिटांहून जास्त लागले. छोटा पडदा, काळंपांढरं चित्र. दोन फिकट कडा, मध्ये काळी फट. मी जन्मभर ज्यानं बोलत आले, ते हे. उजवी कड लाटेसारखी यायची, जायची, पुन्हा यायची. डावी पुढच्या बाजूला हलत होती, पण मागचा एक तुकडा फळीसारखा ताठ. लाट तिथपर्यंत यायची आणि थांबायची. उजवी तीनदा मिटायची तेव्हा डावी दोनदा.

मग मुग्धा पडद्याजवळ गेली, त्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘आई, हे हलतच नाहीये.’

आई. मराठीत.

त्रिपाठींनी एकेक चित्र थांबवून पडद्यावर पट्टी लावली. मधली फट किती, डावीकडून किती, उजवीकडून किती. आकडे ते सांगायचे, मुग्धा लिहायची. डाव्या रकान्यात त्या तुकड्यासमोर शून्य, शून्य, शून्य. दुपार गेली त्यात. शेवटी आलेख काढला, दोन रेषा, एकमेकींशी न जुळणाऱ्या. ‘यंत्रात असं दिसलं असतं,’ अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले, ‘तो हम पुर्ज़े को दोष देते, चलाने वाले को नहीं.’

फरहत म्हणाली, तिथे व्रण असणार. भूल देताना घातलेल्या नळीनं झालेली जखम, भरताना घट्ट झालेली. वरून गुळगुळीत, म्हणून आरशात दिसली नाही. कॅन्सरसारखं काही दिसत नाही, हे तिनं मी न विचारताच सांगितलं. माझ्या मनातलं तिला कसं कळलं, माहीत नाही. मी तिथल्या टेबलावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

*

त्रिपाठींनी ती चित्रं व्हिडिओ कॅसेटवर उतरवून दिली. खालच्या मजल्यावरच्या घरमालकांकडून व्हीसीआर आणला. मुग्धानं लावला. दिलीप सोफ्यावर बसून चारही मिनिटं बघत होता. मुग्धानं त्याला समजावलं, कुठे बघायचं, काय हलत नाही.

त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘मग डॉक्टर तसं का म्हणाले?’

मला माफी हवी होती. निदान माझं नाव तरी हवं होतं त्या वाक्यात. मी उठून स्वयंपाकघरात गेले. तो मागे आला.

‘मला काय माहीत होतं, सुनंदा? एवढा मोठा माणूस...’

‘मी सांगत होते,’ मी म्हणाले.

‘तुझं कळायचं नाही काही, तू बोलायचीस तेव्हा...’

‘तुम्ही ऐकतच नव्हतात.’ आवाज फाटला, तरी पुरं केलं. ‘विजेच्या वेळी तुम्ही हसलात.’

तो ओट्याला टेकून उभा राहिला. मग खाली बसला, फरशीवर, आणि रडायला लागला. मी त्याला उठवलं नाही. मी पोळ्या केल्या. माझ्यावर दगड म्हणून शिक्का मारायचा तर मारा.

*

मोठ्या डॉक्टरांकडे मी एकच मागणी घेऊन गेले. माझ्या कागदावरचा तो शब्द आणि त्या रिपोर्टमधली ती ओळ खोटी आहे, असं लिहून द्या. आलेख नेला, चित्रांचे छापलेले कागद नेले. दिलीप बरोबर आला होता.

त्यांनी कागद उलटसुलट करून बघितले. ‘बहुत दिलचस्प. बहुत ही दिलचस्प.’ आणि दिलीपकडे वळून, ‘मगर इससे इलाज में तो कोई फ़र्क़...’

दिलीपनं आपली खुर्ची उचलली आणि माझ्या मागे, भिंतीला लावून ठेवली. आता डॉक्टरांना माझ्याकडेच बघावं लागत होतं.

‘फ़र्क़ पड़ता है,’ मी म्हणाले. ‘आपने मुझे करंट लगाया.’

‘बहनजी, उस वक़्त जो जानकारी थी...’

‘जानकारी मैंने दी थी. नली. पहले दिन.’

बाहेर शिपाई पुढचं नाव पुकारत होता. मी उठले नाही. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, खिडकी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते शेवटपर्यंत अदबशीर राहिले. अखेर त्यांनी पेन उघडलं. जुना शब्द खोडला नाही. त्याच्याखाली लहान अक्षरात लिहिलं: डाव्या स्वरतंतूवर व्रण, भुलीच्या नळीनंतरचा असण्याची शक्यता. सही केली. माफी मागितली नाही. नर्सिंग होममध्ये तर तेवढंही मिळालं नाही; नळी सगळ्यांनाच घालतात, म्हणाले, आणि माझे जुने कागद सापडत नाहीत म्हणाले.

*

व्रण गेलेला नाही. जात नाही, असं फरहतनं आधीच सांगितलं होतं. वर्षभर मी आठवड्यातून दोनदा त्या जिन्याखालच्या खोलीत गेले. ओठांनी फुर्र करायचं, स्ट्रॉमधून पाण्यात बुडबुडे काढत सूर लावायचा, गळा न आवळता खालच्या पट्टीत बोलायचं. आज माझा आवाज जाड आहे, खरखरीत आहे आणि साधारण तीन तास टिकतो. बोर्ड मला परत मिळाला नाही. मी अर्ज केला होता, आलेख जोडून. उत्तर आलं की कंपनीची पहिली ओळख आवाजानं होते. मी आता खरेदी विभागात आहे.

दिलीप चांगला वागतो. मी बोलायला लागले की टीव्ही बंद करतो. मी त्याला माफ केलं का, असं माझ्या बहिणीनं विचारलं. अजून नाही, म्हटलं. आम्ही एकत्र जेवतो, भांडतो, हसतोही. त्याबरोबर हेही राहतं.

ज्यांना हे आत्ता होतंय त्यांना एवढंच सांगते. खोकला खणखणीत येतो म्हणून तुम्ही खोटे ठरत नाही. सकाळी दहा मिनिटं बरी जातात म्हणूनही नाही. एखादं मशीन तुम्हाला पकडू शकलं नाही तर रिपोर्टवर काय लिहिलंय ते वाचा आणि तिथेच भांडा. आणि आत जाताना असं माणूस न्या, ज्याचा तुमच्यावर विश्वास आहे. घरातलं नसलं तरी चालेल.

गेल्या महिन्यात फरहतकडे एक शिक्षिका आल्या. निशाजी, चाळिशीच्या, थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या, नुसत्या कुजबुजणाऱ्या. त्यांना सांगितलं होतं, टेंशन आहे, शाळा सोडा. कान-नाक-घसा विभागात परत जाऊन नीट तपासून घ्यायचं होतं आणि त्यांचे पाय उचलत नव्हते. मी ऑफिसात अर्धी रजा टाकली.

सकाळी आठला आम्ही बाकावर बसलो. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ‘हाज़िर’ मी म्हणाले. आत तेच डॉक्टर होते. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. निशाजी स्टुलावर बसल्या. डॉक्टरांनी कागद वाचला आणि सवयीनं दाराकडे बघितलं.

‘इनके साथ कौन आया है?’

‘मैं,’ मी म्हणाले. शब्द फाटला. मी खुर्ची ओढून निशाजींच्या शेजारी घेतली, बसले आणि श्वास घेऊन पुन्हा म्हणाले, ‘मैं आई हूँ. आप इनसे पूछिए. इन्हें बताने में वक़्त लगेगा.’